फ्लोरिडात मोबाइल होम घ्यावं का? कॅनडातून, रिटायर झाल्यावर

सातारी_तडका:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदाच. मी ६६, सौ. ६३, ब्रॅम्प्टनला राहतो, २००८ साली इकडे आलो. मागच्या वर्षी नोकरी संपली आणि जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना असा सटकलो की मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. तेव्हापासून घरात एकच विषय, की पुढचा हिवाळा इथे काढायचा नाही.

पुण्याला जाऊन राहता येतं पण दोन महिन्यांनंतर सौ.ला नातवंडं आठवायला लागतात आणि मला तिथला धूर सोसत नाही. आमच्या ओळखीतले एक पंजाबी गृहस्थ फ्लोरिडात मोबाइल होम, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेलं घर, घेऊन नोव्हेंबर ते एप्रिल तिकडेच असतात. त्यांनीच एक जाहिरात पाठवली, टँपाच्या बाजूला ५५ प्लस पार्कात (पंचावन्नच्या वरच्यांची वसाहत) १९८६ चं डबल-वाइड, म्हणजे दोन भाग जोडून केलेलं, दोन बेडरूम, फर्निचरसकट, ४२ हजार अमेरिकन डॉलर. फोटो बघून सौ. खूश, बाहेर लिंबाचं झाड आहे म्हणे. लॉट रेंट, म्हणजे जागेचं भाडं, महिना ६९० लिहिलंय. एवढ्या पैशात ब्रॅम्प्टनला गॅरेज पण येत नाही! मग गोम काय आहे? कुणी घेतलंय का, घेऊन पस्तावलंय का, जे असेल ते मोकळेपणी सांगा.

बर्फाला_वैतागलो:
तडकासाहेब, आधी मनगट जपा. आम्ही गेली आठ वर्षं टँपाजवळच्या झेफरहिल्सच्या बाजूला जातो, तिथे अशी पार्कं इतकी आहेत की रस्त्याच्या एका बाजूला संपलं की दुसऱ्या बाजूला सुरू. तुमची गोम तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहिलीय, लॉट रेंट.

तुम्ही घर घेताय पण जमीन घेत नाहीये. पत्रा आणि प्लायवूडचा ठोकळा तुमचा, त्याखालची माती पार्कवाल्याची. आणि नावात मोबाइल असलं तरी तो ठोकळा तिथून हलत नाही, हलवायला जो खर्च येतो त्यात जुनं दुसरं घर येईल. म्हणजे भाडं वाढलं की तुम्ही अडकलात. ६९० गुणिले १२ म्हणजे वर्षाला ८,२८०, दहा वर्षांत ८२,८००, घराच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट, आणि हे भाडं एक पैसा वाढलं नाही तर. आमचं पहिल्या वर्षी ४८५ होतं, आता ७६० आहे, आणि आम्ही तिथे सहा महिने असलो तरी भाडं बारा महिने जातं.

दुसरं, जाहिरातीतले ६९० हे आत्ताचा मालक देतो ते. नवीन माणसाला बऱ्याच ठिकाणी मार्केट रेटने लावतात. पार्कच्या ऑफिसला सरळ विचारा, आम्ही घेतलं तर आम्हाला किती. आणि प्रॉस्पेक्टस, म्हणजे पार्कच्या नियमांची आणि खर्चाची पुस्तिका, मागा. फ्लोरिडात मोबाइल होम पार्कांसाठी वेगळा कायदा आहे, चॅप्टर ७२३, दहा किंवा जास्त लॉट भाड्याने देणाऱ्या पार्काला तो लागू होतो. भाडं वाढवायचं तर ९० दिवस आधी लेखी कळवावं लागतं आणि कुठला खर्च तुमच्या माथी मारू शकतात ते त्या प्रॉस्पेक्टसमध्ये असतं. वाचायला कंटाळवाणं आहे, पण वाचा. पार्क मोडून तिथे दुसरं काही बांधायचं ठरलं तर निदान सहा महिन्यांची नोटीस देतात, तेवढीच काय ती मुदत. काही पार्कं रहिवाशांच्याच मालकीची असतात, तिथे शेअर विकत घ्यावा लागतो, किंमत दणदणीत पण महिन्याचा खर्च बराच कमी. माझ्या मते झेपत असेल तर तीच बघावीत.

कागदपत्रं घराची नाहीत, गाडीची असतात असं समजा. आपल्या आरटीओसारखं खातं आहे तेच टायटल (मालकीचा कागद) देतं, डबल-वाइड म्हणजे दोन तुकडे म्हणून टायटलं दोन. दोन्ही हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका, आमच्या शेजाऱ्याला एकच मिळालं होतं आणि दुसरं शोधायला विक्रेत्याच्या मयत काकापर्यंत जावं लागलं. टायटल नावावर करताना ६ टक्के सेल्स टॅक्स. भाड्याच्या जागेवर असेल तर दर वर्षी स्टिकर घ्यायचा, ३१ डिसेंबरला संपतो.

बघायला गेलात की लिंबाचं झाड नंतर बघा. आधी बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला टाच दाबून उभे राहा, जमीन भिजक्या बिस्किटासारखी लागली तर आत प्लाय कुजलाय. मग बाहेर खालची स्कर्टिंग, म्हणजे घराखालची मोकळी जागा झाकणारे पत्रे, उचकटून टॉर्च मारा, घराला जमिनीशी बांधणारे लोखंडी पट्टे असतात, ते गंजलेत का, सैल आहेत का. आणि पाण्याचे पाइप राखाडी प्लास्टिकचे असतील तर ते बदलायचा खर्च किमतीतून वजा करून बोला, त्या काळातल्या घरांत हे पाइप सर्रास टाकलेत आणि ते सांध्यांवर फुटतात. १९८६ म्हणजे नेमका तोच काळ.

अॅरिझोना_वारी:
फ्लोरिडाचं कशाला धरून बसलात, अॅरिझोनात मेसाला या. वादळ नाही, घाम नाही, फेब्रुवारीत सकाळी स्वेटर आणि दुपारी हाफ पँट. आम्ही पार्क मॉडेल, म्हणजे छोटं मोबाइल होम, घेतलंय, चारशे स्क्वेअर फूट, दोघांना पुरे. पाहुणे राहू शकत नाहीत हा आमच्या मते फायदाच आहे. एकच, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, बंद घरातल्या मेणबत्त्या वितळून शेल्फवर सांडलेल्या सापडल्या.

सातारी_तडका:
वैतागलो साहेब, भलतंच उपयोगी लिहिलंत. दोन टायटलं असतात हे जाहिरातीत कुठेच नाही. मेसाचं सौ.ला सांगितलं, तिला समुद्र हवाय, तो विषय तिथेच संपला. एक राहिलं सांगायचं, मी कॅनेडियन सिटिझन आहे पण सौ. अजून पीआरवर (कॅनडात कायम राहायचा परवाना) आहे, भारतीय पासपोर्ट. माहेरची थोडी शेतजमीन नावावर येणार आहे म्हणून तिने सिटिझनशिप घेतली नाही. याने काही फरक पडतो का?

आकडेमोड:
फरक पडतो, आणि हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता. तुम्हाला सिटिझन म्हणून व्हिसा लागत नाही, वहिनींना लागतो. पीआर कार्डावर अमेरिकेत सोडत नाहीत. बी१/बी२ व्हिजिटर व्हिसा, इंटरव्ह्यूसकट. आणि अमेरिकेत घर आहे म्हणून तिथे राहायचा हक्क मिळतो असं अजिबात नाही, घराचा आणि व्हिसाचा काडीचा संबंध नाही. शेतजमिनीचं म्हणाल तर सिटिझनशिप घेऊन ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) झालं की शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. त्या एका भीतीपोटी थांबला असाल तर भारतातल्या वकिलाला एकदा विचारून घ्या.

आता दिवस. लोक एकच आकडा धरून बसतात, सहा महिने, पण तीन वेगवेगळी घड्याळं एकदम चालू असतात.

पहिलं इमिग्रेशनचं, साधारण सहा महिने देतात. मध्ये आठवडाभर घरी येऊन गेलात म्हणून घड्याळ शून्यावर जात नाही. गाडीने जाणार असाल तर अजून एक. एप्रिल २०२५ पासून ३० दिवस किंवा जास्त राहणाऱ्यांना रजिस्ट्रेशन लागतं. विमानाने गेलात की आय-९४, म्हणजे अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद, आपोआप निघतो आणि तोच रजिस्ट्रेशन म्हणून चालतो, पण गाडीने सीमा ओलांडणाऱ्या कॅनेडियनांना बऱ्याचदा तो देतच नाहीत, तर तो मागून घ्या नाहीतर नंतर ऑनलाइन फॉर्म भरा.

दुसरं टॅक्सचं. या वर्षीचे सगळे दिवस, अधिक मागच्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, अधिक त्याच्या मागच्या वर्षीचा सहावा हिस्सा. बेरीज १८३ झाली की अमेरिका म्हणते तुम्ही टॅक्सपुरते आमचे. दर वर्षी १२० दिवस राहिलात तर १२० अधिक ४० अधिक २० म्हणजे १८०, सुटलात. १५० राहिलात तर २२५. मग घाबरायचं नाही, फॉर्म ८८४० भरून सांगायचं की आमचं घरदार, डॉक्टर, बँक सगळं कॅनडात आहे. १५ जूनच्या आत, दोघांचा वेगवेगळा. पण त्या चालू वर्षात १८३ दिवस झाले तर हा फॉर्म चालत नाही.

तिसरं ओहिपचं, म्हणजे ऑन्टारियोच्या सरकारी आरोग्य विम्याचं, आणि आपले लोक नेमके इथे अडकतात. कुठल्याही बारा महिन्यांत ऑन्टारियोच्या बाहेर जास्तीत जास्त २१२ दिवस. बाहेर म्हणजे सगळं बाहेर, पुणे पण त्यातच. फ्लोरिडा पाच महिने, मग भाच्याचं लग्न म्हणून भारत दोन महिने, मग व्हँकूव्हरला मुलीकडे आठवडाभर, की झालं. वही करा आणि त्यात तारखा लिहा.

आणि तुम्ही २००८ ला आलात म्हणजे अजून वीस वर्षं झाली नाहीत. ओल्ड एज सिक्युरिटी, म्हणजे कॅनडाची म्हातारपणाची पेन्शन, घेत असाल तर देशाबाहेर सलग सहा महिन्यांच्या वर राहू नका, ती थांबते. वीस वर्षं झालेल्यांना ही अडचण नाही.

मालमत्तेचं थोडक्यात. स्वतःच्या वापराचं घर टी११३५ मध्ये (परदेशी मालमत्तेचा कॅनडाचा टॅक्स फॉर्म) दाखवावं लागत नाही, पण भाड्याने दिलंत आणि परदेशातली अशी मालमत्ता एकूण एक लाख कॅनेडियनच्या वर गेली तर दाखवावं लागतं. अमेरिकेतली मालमत्ता ६० हजार अमेरिकनच्या वर असताना मालक गेला तर वारसांना तिकडचं इस्टेट टॅक्स रिटर्न भरावं लागतं, दोन देशांच्या करारामुळे सामान्य माणसाला टॅक्स सहसा लागत नाही पण कागद भरावेच लागतात.

निवांत_काकू:
अहो आकडेमोड भाऊ, तुम्ही तर त्या बिचाऱ्यांना जायच्या आधीच दमवलंत 😄

तडका भाऊजी, सगळं बरोबर आहे त्यांचं, पण आमच्याकडे घात झाला तो औषधाच्या गोळीने. ओहिप अमेरिकेतल्या हॉस्पिटलचे दिवसाला जास्तीत जास्त ४०० कॅनेडियन देतं, ते पण मोठ्या उपचारांना, साध्याला २०० पर्यंत. तिकडचं बिल तुम्हाला माहीतच आहे. म्हणून ट्रॅव्हल मेडिकल विमा घ्यावाच लागतो आणि पासष्टीनंतर तो महाग. त्यात एक स्टेबल असायची अट असते, ९० दिवस किंवा १८० दिवस, कंपनीप्रमाणे. म्हणजे तेवढ्या काळात तुमच्या जुन्या दुखण्यात काही बदल नको. आमच्या ह्यांचं बीपी ऑक्टोबरमध्ये थोडं वाढलं, डॉक्टरांनी गोळी पाचाची दहा केली, ह्यांना वाटलं छान झालं आता कंट्रोलमध्ये राहील. जानेवारीत तिकडे छातीत कळ आली, दोन रात्री ठेवलं, निघालं काही नाही, अॅसिडिटी. पण कंपनीने विचारलं डोस कधी बदलला, आणि क्लेम नामंजूर. डोस कमी केला तरी बदलच धरतात म्हणे! गाडी विकून बिल भरलं आम्ही. तेव्हा जायचं असेल तर डॉक्टरकडे जूनमध्ये जा, ऑक्टोबरमध्ये नको, आणि फॉर्म भरताना गोळ्यांची यादी फार्मसीकडून छापून घ्या, आठवणीवर लिहू नका.

बाकी राहायला मजा आहे हो, खोटं का बोलू. सकाळी साडेसातला सगळे म्हातारे गोल्फ कार्ट घेऊन चकरा मारतात, कोण उठलं नाही ते लगेच कळतं. टँपाला देऊळ आहे, किराणा मिळतो सगळा. घरं एवढी जवळ की मी पहिल्या दिवशी मिरचीचा ठेचा केला तर इकडच्या तिकडच्या दोन्ही बायका खोकत बाहेर, मग त्यांनाच बोलावून बटाटेवडे घातले, आता दर महिन्याला मागतात. डाळी पिठं मात्र सगळी फ्रिजमध्ये, तिकडची झुरळं अंगठ्याएवढी आणि उडतात. त्यांना झुरळ म्हणायचं नाही, पामेटो बग म्हणायचं 😄 आणि निघताना एसी पूर्ण बंद करून येऊ नका. आम्ही एकदा वीज वाचवली आणि नोव्हेंबरमध्ये कपाट उघडलं तर माझ्या पैठणीला हिरवी बुरशी.

नातवंडांचं विचारून घ्या आधी. ५५ प्लस पार्कात लहान मुलांनी किती दिवस राहायचं त्याला मर्यादा असते, आमच्याकडे वर्षाला ३० दिवस. सूनबाईला वाटलेलं अख्खी सुट्टी येईन.

एकदा_पोळलेला:
मी लिहू की नको विचार करत होतो. आमचं फोर्ट मायर्सच्या बाजूला होतं, समुद्रापासून गाडीने दहा मिनिटं. २८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ आलं. हे लक्षात घ्या की वादळाचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे तुमचं घर वादळात कायम एकटं असतं, तुम्ही इकडे स्कारबरोला टीव्हीसमोर. एक प्रकारे बरंच आहे, कारण वादळ येणार म्हटलं की मोबाइल होमवाल्यांना झोन कुठलाही असो निघायलाच सांगतात.

वाऱ्याने आमचं फार काही केलं नव्हतं, कारपोर्टचा पत्रा तेवढा गेला. केलं ते पाण्याने. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याने फोटो पाठवला, भिंतीवर खिडकीच्या खाली सरळ तपकिरी रेघ, पट्टीने ओढल्यासारखी, तिथपर्यंत समुद्र आला होता. मला वाटलं खालच्या भिंती बदलू. तर नियम असा की पुराच्या झोनमध्ये दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या ५० टक्क्यांवर गेला तर नव्या नियमाप्रमाणे उचलून उंचावर बसवावं लागतं. आमच्या घराची किंमत मुळात केवढी, ५० टक्के व्हायला किती वेळ लागतो. पाडलं. पाडायचे पैसे पण आम्हीच दिले, आणि तोपर्यंतचं लॉट रेंट पण. विमा होता, वाऱ्याचा. पुराचा वेगळा घ्यावा लागतो हे माहीत होतं, एवढ्या वर्षांत कधी पाणी आलं नाही म्हणून घेतला नव्हता. शेजाऱ्याने चिखलातून काढून कुरिअर केलं ते फक्त पोळपाट.

म्हणून तडकासाहेब, एक तर किनारा सोडून आतल्या भागात बघा आणि फ्लड झोनचा नकाशा त्या पत्त्यावर उघडून बघा. दुसरं, १९८६. ९२ साली अँड्र्यू वादळाने मोबाइल होम्सचा भुगा केला, त्यानंतर वाऱ्याचे नियम कडक झाले ते जुलै १९९४ पासूनच्या घरांना. त्याआधीच्या घराला विमा काढायला गेलात की एजंट गप्प होतो. घर घ्यायच्या आधी विम्याचा लेखी भाव घ्या, नंतर नाही. आणि खरं विचाराल तर घेऊच नका, भाड्याने घ्या. मी आता दोन महिने भाड्याने जातो, १ मार्चला चावी टेबलावर ठेवतो आणि ऑगस्टमध्ये हवामानाचं चॅनल लावत नाही.

बर्फाला_वैतागलो:
पोळलेला साहेब, वाईट वाटलं वाचून. पण सगळ्यांनी घेऊच नये हे पटत नाही. सीझनमध्ये भाड्याचे दर बघितलेत ना, चार-पाच महिने राहायचं असेल तर गणित बदलतं. आम्ही ९७ चं घेतलं, झोनच्या बाहेर, दर वर्षी पट्टे तपासून घेतो, आणि २०२४ ला मिल्टन वादळ आलं तेव्हा फक्त छताची पन्हळ वाकली. घ्यावं, पण गेला तर गेला म्हणता येईल एवढ्याच पैशात. गुंतवणूक म्हणून कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

सातारी_तडका:
मंडळी, तीन आठवड्यांनी उत्तर देतोय, माफ करा. सगळ्यांचं वाचून एक कागद केला आणि पार्कच्या ऑफिसला फोन लावला. बाई गोड बोलत होत्या. आम्हाला लॉट रेंट किती म्हटल्यावर जरा थांबल्या आणि म्हणाल्या ८१५. वर कचरा आणि पाणी वेगळं. प्रॉस्पेक्टस ईमेलवर आलं, साठ-सत्तर पानं, मी अर्धं वाचलं, जावयाने उरलेलं. विम्याच्या एजंटने १९८६ ऐकून सांगितलं की पुराचं वेगळं बघू पण वाऱ्याचं आमच्याकडे होणार नाही, दुसरीकडे विचारा. पाइप कुठल्या रंगाचे आहेत विचारलं तर विक्रेत्याने दोन दिवसांनी फोटो पाठवला. राखाडी. ते घर सोडलं.

पोळलेला साहेबांचं ऐकून त्याच भागात जानेवारी-फेब्रुवारी भाड्याने बघायचं ठरवलं, राहून बघू, मग वैतागलो साहेबांना घेऊन जुलै ९४ नंतरची घरं बघू. काकू, माझ्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचा डोस मेमध्ये बदललाय, म्हणजे १८० दिवस नोव्हेंबरात पूर्ण होतात, मोजून ठेवलंय.

फक्त सौ.च्या व्हिसाची अपॉइंटमेंट घ्यायला बसलो तर सगळ्यात लवकरची तारीख मिळाली ती मार्चमधली. ती म्हणाली तुम्ही एकटे जाऊन या, पण तसं बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. तेव्हा या वर्षी ड्राइव्हवेसाठी मिठाच्या चार गोण्या आणि बुटाला लावायचे खिळेवाले पट्टे आणलेत. कुणाला ब्रॅम्प्टनमध्ये बर्फ काढायला येणारा खात्रीचा पोरगा माहीत असेल तर कळवा.